ताकद वाढवलेल्या मोटारीचा विमा

मोटारीचा विमा उतरतो तो कागदावरच्या गाडीचा. मॉडेल, इंजिनाची घनक्षमता, इंधन, उत्पादनाचे वर्ष, नोंदणीचे शहर एवढ्या तपशिलावर प्रीमियम निघतो आणि पॉलिसी छापली जाते. तीच गाडी पुढे ट्यूनरच्या गॅरेजमध्ये जाऊन आली, तिच्या संगणकातले आकडे बदलले, सायलेन्सरची नळी मोकळी झाली, स्प्रिंगा आखूड झाल्या, की रस्त्यावरची गाडी आणि कागदावरची गाडी यांत अंतर पडते. मॉडिफाय केलेल्या गाडीच्या विम्याचा सारा प्रश्न या अंतराचा आहे. ते किती आहे, आरटीओला आणि विमा कंपनीला ते ठाऊक आहे का, आणि अपघात झाला तेव्हा त्याचा त्यात काही हात होता का? भारतात याची उत्तरे मोटार वाहन कायदा, पॉलिसीची कलमे आणि न्यायालयांचे निकाल अशी तीन ठिकाणी विखुरलेली आहेत. बहुतेक मालकांना ती क्लेम अडकल्यावरच कळतात.

टर्बो इंजिनाच्या गाडीत सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक बदल म्हणजे रीमॅप. इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या ईसीयूमध्ये टर्बोचा दाब किती असावा, इंधन किती सोडावे, ठिणगी कधी पडावी यांचे तक्ते असतात. उत्पादक हे तक्ते आखताना हलक्या प्रतीचे पेट्रोल, उन्हाळ्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा, सर्व्हिसिंग लांबवणारा मालक, प्रदूषणाची मर्यादा आणि वॉरंटीचा खर्च या सगळ्यांसाठी थोडी जागा राखून ठेवतो. ट्यूनर ती राखीव जागा वापरून टाकतो. नुसते सॉफ्टवेअर बदलले तर ‘स्टेज वन’. त्याला मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी), मोठा इंटरकूलर, जास्त हवा घेणारा फिल्टर जोडला तर ‘स्टेज टू’. टर्बोच मोठा बसवला की त्यापुढची पायरी. भारतात २०१३ साली आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही या छंदातली लाडकी गाडी. इंजिन ११९७ सीसीचे, कंपनीने दिलेली ताकद १०५ पीएस. लॅपटॉप जोडून काही तासांत तिच्यात वीस-पंचवीस टक्क्यांची भर घालता येते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काडीचाही फरक दिसत नाही.

दुसऱ्या जातीचे बदल डोळ्यांना दिसतात. गाडी खाली बसवणारे स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर, मोठे ब्रेक, मोठी अलॉय व्हील्स, रुंद टायर. यांतले काही बदल गाडी अधिक सुरक्षित करतात. चांगले ब्रेक आणि चांगले टायर हे वाढलेल्या ताकदीला दिलेले उत्तरच असते, आणि जाणता ट्यूनर ताकद वाढवण्याआधी ब्रेककडे पाहतो. पण टायरचा आकार बदलला की त्याचे परिणामही मोजावे लागतात. १८५/६० आर१५ च्या जागी १९५/५५ आर१६ घातला तर चाकाचा व्यास ६०३ मिलिमीटरवरून ६२१ वर जातो, म्हणजे जवळजवळ तीन टक्के वाढ. स्पीडोमीटर तेवढ्या प्रमाणात प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या एबीएसच्या हिशोबातही तेवढाच फरक शिरतो.

विमा कंपनीला या सगळ्याची काळजी वाटते ती साध्या भौतिकशास्त्रामुळे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरची गाडी १२० वर गेली तर वेग वीस टक्क्यांनी वाढतो, पण थांबवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. ब्रेक, चॅसिस, क्लच, गिअरबॉक्स हे सगळे कंपनीच्या मूळ ताकदीसाठी बेतलेले असतात. शिवाय बाहेरून आणलेल्या भागांची किंमत आणि मिळण्याचा काळ कंपनीच्या दरपत्रकात नसतो, त्यामुळे दुरुस्तीचा अंदाज बांधता येत नाही. आणि एक मुद्दा कंपन्या उघड बोलत नाहीत, पण मनात धरतात. दोन लाख रुपये खर्चून गाडी वेगवान करणारा माणूस ती वेगाने चालवणारच, असा त्यांचा कयास असतो. तो नेहमी खरा नसतो. या छंदातले कित्येक जण गाडीची निगा शेजाऱ्यांपेक्षा दसपट ठेवतात. तरी जोखमीचा हिशोब गटावर चालतो, एकेका माणसावर चालत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा आशय असा, की मालकाने गाडीत असा फेरफार करू नये ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल. फेरफार म्हणजे काय, याचे स्पष्टीकरणही कलमातच आहे: गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचे मूलभूत वैशिष्ट्य पालटते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम काटेकोरपणे वाचले आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ आणले. त्यानुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला ध्वनी आणि वायू प्रदूषणाचे कलम १९०(२) लागते आणि तिथे दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडले आहेत. त्यांत बहुतेक दुचाकींचे होते, पण कलम चारचाकीलाही तेच आहे.

रीमॅप या कलमांत बसतो का? नळी कापली नाही, चॅसिसला हात लावला नाही, मग ‘रचना’ कुठे बदलली, असा युक्तिवाद ट्यूनर करतात. तो पुरता पोकळ नाही. परंतु नव्या स्मार्ट कार्ड आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) घनक्षमतेच्या जोडीला अश्वशक्तीचा आकडाही छापलेला असतो. ईसीयू बदलला की तो आकडा खोटा ठरतो. कलमाची भाषा आरसीवरचा तपशील आणि गाडी यांच्या जुळणीची आहे, तेव्हा या युक्तिवादावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

‘मॉडिफिकेशन’ हा शब्द मात्र सरसकट गुन्ह्यासारखा वापरणे चूक आहे. अपंग व्यक्तीसाठी हाताने चालणारा ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर बसवलेली गाडी हीदेखील मॉडिफाय केलेलीच गाडी. भारतीय मोटार दरपत्रकाने अशा गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट ठेवली होती, आणि ती आजही मागण्यासारखी आहे. म्हणजे बदलाला विमा व्यवस्थेत जागा आहे. ती कोणत्या बदलाला आहे, एवढेच पाहायचे.

ती जागा सर्वांत स्वच्छ दिसते सीएनजी किटमध्ये. बाहेरून बसवलेले सीएनजी किट हा गाडीच्या मूळ तपशिलातला मोठाच बदल: इंधन बदलते, डिकीत जड टाकी येते, गळतीचा धोका येतो. तरीही पुण्यातल्या आणि मुंबईतल्या लाखो गाड्या ते घेऊन कायदेशीरपणे धावतात, कारण साखळीतली प्रत्येक कडी जागेवर आहे. किटच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी असते, ते अधिकृत केंद्रात बसवले जाते, आरटीओ आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद चढवते आणि विमा कंपनी पॉलिसीला एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद करणारी पुरवणी, जोडते. दरपत्रकाच्या काळापासून चालत आलेला हिशोब साधा आहे: किटच्या जाहीर किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजसाठी आणि ६० रुपये थर्ड पार्टीसाठी, म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी. ६०,००० रुपयांच्या किटला २,४०० अधिक ६०, वर जीएसटी. ओन डॅमेजचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांच्या मर्जीवर सोडले गेले, तरी हा आकडा अजूनही पुष्कळ कंपन्यांच्या कोटेशनमध्ये भेटतो. चहापाण्याच्या हिशोबातल्या या रकमेसाठी किट लपवणारे मालकही आहेत, आणि गाडीला आग लागल्यावर तेच सर्वांत जास्त पस्तावतात.

बाहेरून बसवलेल्या इतर वस्तूंनाही दार उघडे आहे. उत्पादकाच्या विक्रीकिमतीत धरलेली नसलेली विजेवर चालणारी उपकरणे, म्हणजे म्युझिक सिस्टिम, अ‍ॅम्प्लिफायर, जादा दिवे, ही किंमत लिहून देऊन सुमारे ४ टक्के जादा प्रीमियमवर पॉलिसीत घेता येतात. अलॉय व्हील्स, सीट, ब्रेक असल्या विजेविना चालणाऱ्या वस्तूंची किंमत गाडीच्या आयडीव्हीसोबत जोडली जाते आणि तिला गाडीचाच दर लागतो. आयडीव्ही म्हणजे उत्पादकाची विक्रीकिंमत वजा घसारा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते.

हे नियम मॉडिफाय केलेल्या गाडीला कसे लागतात, ते एका उदाहरणावरून पाहावे. समजा गाडीची आयडीव्ही सहा लाख आहे आणि मालकाने तिच्यावर पावणेदोन लाखांची चाके, कॉइलओव्हर आणि ब्रेक चढवले आहेत, पण कंपनीला कळवलेले नाही. ट्रकने मागून धडक दिली, मालकाची तसूभर चूक नाही. दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाखांवर गेला, गाडी टोटल लॉस झाली. मालकाला सहा लाखांच्या हिशोबाने पैसे मिळतील, पावणेदोन लाखांतला रुपयाही मिळणार नाही. कंपनीला दोष देण्याजोगे यात काही नाही. जे तिने विकलेच नाही, त्याचे पैसे ती देणार नाही. इन्व्हॉइसची पूर्ण किंमत परत देणारे ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ अ‍ॅड-ऑन घेतले असले, तरी तो इन्व्हॉइस शोरूमचा असतो, ट्यूनरचा नव्हे.

आणि इथेच व्यवस्थेतली खरी उणीव दिसते. पॉलिसीला वस्तूची किंमत धरता येते, वस्तूचा परिणाम धरता येत नाही. ब्रेकचे बिल आहे, त्याला रकाना आहे. रीमॅप ही वस्तूच नाही. ती एक फाइल आहे, आणि प्रस्तावपत्रात तिच्यासाठी रकाना नाही. थर्ड पार्टीचा दरही तिच्याकडे पाहत नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी मोटारीचा थर्ड पार्टी प्रीमियम घनक्षमतेवर ठरतो: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. वरची पोलो १०५ पीएसची असो की १३० ची, ११९७ सीसी म्हणून ३,४१६ च भरते. विजेच्या गाड्यांना मात्र याच दरपत्रकात किलोवॅटचे टप्पे आहेत, म्हणजे ताकद मोजून दर लावणे व्यवस्थेला अवघड नाही. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांसाठी ते कोणी केलेले नाही. परिणामी प्रामाणिक मालक ‘माझी गाडी रीमॅप केली आहे, जादा घ्या पण लिहून द्या’ असे म्हणत गेला, तर एजंट गोंधळतो, कॉल सेंटर ‘वरिष्ठांना विचारतो’ म्हणते आणि उत्तर बहुधा येत नाही. बेकायदा ठरू शकणाऱ्या बदलावर शिक्का मारायला कंपनी तयार नसते. ही कोंडी ग्राहकाने निर्माण केलेली नाही.

रस्त्यावरच्या तिऱ्हाइताची स्थिती मात्र बरीच सुरक्षित आहे, आणि हा या कायद्याचा सर्वांत माणुसकीचा भाग म्हणावा लागेल. कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मृत्यू आणि शारीरिक इजा यांची भरपाई मर्यादेविना असते, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. पादचाऱ्याला धडक बसली तर गाडीत डाउनपाइप कोणता होता, या वादात त्याच्या कुटुंबाचे पैसे अडकू नयेत, हा हेतू. तरी कलम १५० मध्ये कंपनीला काही बचाव दिले आहेत. महत्त्वाची बाब लपवून किंवा खोटे सांगून पॉलिसी घेतली, हा त्यांपैकी एक. संघटित शर्यत किंवा वेगचाचणीसाठी गाडी वापरणे हा दुसरा. बचाव टिकला, तरी सर्वोच्च न्यायालयाने २००४ पासून रूढ केलेल्या ‘आधी द्या, मग वसूल करा’ या पद्धतीने कंपनीला पीडिताला आधी भरपाई द्यायला सांगता येते आणि मग ती रक्कम मालकाकडून घेता येते. पीडित वाचतो. मालकाच्या डोक्यावर मात्र घर विकायला लावणारी रक्कम येऊ शकते.

ओन डॅमेजच्या क्लेममध्ये पहिली खरी भेट होते ती सर्व्हेअरशी. गाडी टो करून वर्कशॉपमध्ये येते. सर्व्हेअर चॅसिस क्रमांकाचा फोटो घेतो, आरसी आणि लायसन्स पाहतो, बॉनेट उघडतो. कंपनीच्या काळ्या पेटीऐवजी उघडा लाल शंकूसारखा फिल्टर समोर आला, की तो गाडीखाली वाकून नळ्याही पाहतो. कापलेली आणि टेपने गुंडाळलेली वायरिंग, दिव्यांना जोडलेले बाहेरचे किट, आखूड स्प्रिंग हे सगळे त्याच्या अहवालात फोटोंसह उतरते. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही, पण कायम लपूनही राहत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या यंत्राला बदललेले सॉफ्टवेअर आढळले, तर कंपनीच्या प्रणालीत ‘टीडी१’ अशी नोंद पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी अडचणीत येते. अपघातानंतर गाडी त्याच सेंटरमध्ये दुरुस्तीला उभी असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सर्व्हेअरच्या अहवालावर कंपनी दोन कारणांनी क्लेम नाकारू शकते. पहिले, प्रस्तावपत्रात गाडीत बदल केल्याची बाब लपवली. विम्याचा करार परम सद्भावाचा मानला जातो, आणि सुज्ञ विमाकाराच्या निर्णयावर परिणाम करील अशी प्रत्येक बाब सांगणे ग्राहकाचे कर्तव्य ठरते. आजकाल नूतनीकरण मोबाइलवर दोन मिनिटांत होते, गाडी कोणी पाहत नाही, प्रश्न दोन-तीनच असतात आणि ‘नाही’ हे उत्तर आधीच टिक केलेले असते. त्या टिकखाली मालकाची सही धरली जाते. दुसरे कारण, गाडी सुस्थितीत ठेवण्याच्या आणि वापराच्या मर्यादांच्या अटींचा भंग.

पण अटीचा भंग झाला म्हणजे क्लेम गेलाच, असे भारतीय न्यायालये मानत नाहीत, आणि हे प्रत्येक मॉडिफाय गाडीच्या मालकाला माहीत असायला हवे. २००८ साली चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की गाडी भाड्याने चालवली जात होती हा भंग चोरीच्या नुकसानीशी संबंधित नाही, म्हणून कंपनी पूर्ण हात झटकू शकत नाही. २०१० च्या निकालाने अशा प्रकरणांत ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची वाट पक्की केली. २०१६ मध्ये मालवाहू वाहनात माणसे बसवल्याच्या प्रकरणात न्यायालयाने पुढचा मुद्दा स्पष्ट केला: भंग एवढा मूलभूत हवा की त्यामुळेच अपघात घडला, आणि ते सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. हे निकाल ट्यूनिंगविषयीचे नाहीत, पण त्यांतले सूत्र ट्यूनिंगला लावता येते. सिग्नलला उभ्या असलेल्या रीमॅप गाडीला मागून कोणी धडकले, तर रीमॅपचा त्या धडकेशी संबंध दाखवणे जवळजवळ अशक्य आहे. तीच गाडी पावसात बोरघाटाच्या वळणावर, चुकीच्या मापाच्या टायरवर आणि वाढवलेल्या टॉर्कवर घसरली, तर संबंध दाखवायला कंपनीला फार कष्ट पडणार नाहीत. कलम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ ते लिहिणाऱ्या कंपनीविरुद्ध लावावा, हे तत्त्वही न्यायालये पाळतात. म्हणून नकाराचे पत्र आल्यावर खचून जाण्याचे कारण नाही. फक्त एक फरक लक्षात ठेवावा. अटीचा भंग आणि करार होतानाच केलेली लपवाछपवी यांचे वजन सारखे नसते. दुसऱ्या प्रकारात न्यायालयांची सहानुभूती पटकन आटते.

काही नुकसान असे असते की जाहीर केलेल्या बदलालाही विमा मिळत नाही. पॉलिसी अपघाताची असते, बिघाडाची नसते. यांत्रिक आणि विद्युत बिघाड, झीज आणि परिणामी होणारे नुकसान हे मूळ पॉलिसीतून स्पष्टपणे वगळलेले आहे. वाढवलेल्या दाबाने पिस्टन वितळला किंवा क्लच जळला, तर ना वॉरंटी ना विमा. पश्चिम किनाऱ्यावर याचेच एक पावसाळी रूप दिसते. जास्त थंड हवा मिळावी म्हणून काही इनटेकांचा (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांचा) फिल्टर बॉनेटमधून काढून बंपरच्या आत, चाकाजवळ खाली बसवतात. कंपनीने हवेचे तोंड जाणीवपूर्वक उंच ठेवलेले असते. मुंबईत मिलन सबवेत किंवा हिंदमाताला गुडघाभर पाणी साचले, की खाली आलेला फिल्टर पाणी ओढतो. पाणी दाबले जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम होते. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईकरांना हा शब्द ओळखीचा झाला आणि पुढे ‘इंजिन प्रोटेक्ट’ अ‍ॅड-ऑनला मागणी आली. अ‍ॅड-ऑन नसेल तर हे नुकसान ‘परिणामी’ म्हणून नाकारले जाते. अ‍ॅड-ऑन असले आणि फिल्टर बंपरमध्ये सापडला, तर वाद अटळ. पावसाच्या शहरात खाली उतरलेला इनटेक बसवू नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते.

शर्यतीचा ट्रॅक हा प्रश्नच वेगळा. खासगी मोटारीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वसनीयता चाचणी यांसाठीचा वापर मुळातच वगळलेला आहे. कोइमतूरचा कारी स्पीडवे असो, ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट असो की लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या सरळ रेषेतल्या शर्यती, तिथे गाडी आदळली तर नेहमीची पॉलिसी उपयोगाची नाही. हा नियम स्टॉक, म्हणजे बदल न केलेल्या, गाडीलाही तेवढाच लागू आहे.

इतर देशांनी हीच गाठ कशी सोडवली, हे पाहणे उद्बोधक ठरते. ब्रिटनमध्ये मॉडिफाय गाड्यांसाठी खास विमा विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्या रीमॅपपासून टर्बोपर्यंत प्रत्येक बदल यादीने लिहून घेतात, आणि मालकाने पसंत केले तर अपघातानंतर तसाच भाग पुन्हा बसवण्याचे किंवा गाडीची आधीच ठरवलेली किंमत देण्याचे कलम देतात. एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या ग्राहक विमा कायद्याने तिथे न सांगण्याच्या चुकीचेही वजन ठरवून दिले. मुद्दाम खोटे सांगितले तर पॉलिसी रद्द होऊ शकते. निष्काळजीपणाने राहून गेले असेल, आणि खरे कळते तर कंपनीने ४०० पौंडांऐवजी ८०० पौंड प्रीमियम घेतला असता, तर क्लेमची निम्मी रक्कम द्यावी लागते. हे प्रमाण आधीच ठाऊक असल्याने भांडणे कमी होतात.

जर्मनीत गाठ विमा कंपनीपर्यंत पोहोचण्याआधीच सुटते. तिथे बाजारातला भाग मंजुरीपत्रासह किंवा तज्ज्ञ अहवालासह विकला जातो, ट्यूफ किंवा डेक्रासारखी संस्था तो गाडीवर बसवलेला तपासते आणि वाढलेले किलोवॅट गाडीच्या कागदपत्रांत चढतात. नोंद नसलेला बदल गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपवू शकतो, पण नोंद असलेला बदल कायदेशीर असतो आणि विमा कंपनीला तो कागदावर दिसतो. सक्तीच्या विम्यात ग्राहकाच्या अशा चुकीसाठी कंपनीने त्याच्याकडून वसूल करायच्या रकमेला ५,००० युरोंची मर्यादाही आहे. भारतात सीएनजी किटसाठी नेमकी हीच साखळी उभी राहिली आहे. एआरएआय आहे, आरटीओची नोंद आहे, एन्डॉर्समेंटची पद्धत आहे. ब्रेक, सस्पेन्शन आणि मर्यादित ताकदवाढ यांच्यासाठी ती वाढवली नाही, एवढेच. रीमॅपसारख्या बदलाबाबत आज मालकासमोर पर्याय दोनच उरतात: बदल न करणे किंवा लपवणे. कायद्याने लोकांना लपवण्याकडे ढकलणे रस्त्याच्या सुरक्षेला घातकच आहे, कारण लपवलेला बदल कोणी तपासत नाही.

तोवर मालकाने क्रम पाळावा. आधी आरटीओत विचारावे, मग भाग बसवावा, मग एन्डॉर्समेंट घ्यावे, आणि हे तिन्ही नूतनीकरणाची वाट न पाहता करावे. बिल पक्के, जीएसटीसह आणि गाडीच्या क्रमांकासह असावे. एजंटला तोंडी सांगितलेले कंपनीला सांगितले असे कोर्टात सिद्ध करणे कठीण जाते, म्हणून ईमेल करावा, सोबत फोटो जोडावेत आणि उत्तर आले नाही तरी पाठवलेल्या ईमेलची प्रत जपावी. निदान काही लपवले नव्हते, हे तिच्यावरून दाखवता येते. बदल काढून गाडी स्टॉक केली, तर तेही कळवावे. जुनी गाडी घेताना सॉफ्टवेअर अधिकृत सेंटरमध्ये तपासून घ्यावे, कारण आधीच्या मालकाने केलेला रीमॅप नव्या मालकाच्या प्रस्तावपत्राखाली येतो. मूळ भाग भंगारात न देता जपून ठेवावेत.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर कंपनीच्या अखेरच्या नकारापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत, आणि गोव्याच्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात.